संन्यास आणि संमती : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राची मराठी वाचकांस नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. १९३४ पासून ते भागाभागांनी ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागले आणि तेव्हापासून त्याचा वाचक कधी तुटला नाही. जोसेफीन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये आणि शांता गोखले यांचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथातील निर्मळ विनोद, बोलीला बिलगून चालणारे गद्य आणि लेखिकेचा रोखठोक प्रामाणिकपणा यांची थोरवी समीक्षकांनी वेळोवेळी सांगितली आहे. तिची पुनरुक्ती करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. हा ग्रंथ एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुरोधाने वाचून पाहावा, एवढाच येथे प्रयत्न आहे. तो प्रश्न असा : विवाहित माणसाला वैराग्याची ओढ लागली, तर त्या ओढीवर त्याच्या जोडीदाराचा काही अधिकार चालतो की नाही?

हा प्रश्न नवा नाही. मध्ययुगीन ख्रिस्तसभेने त्यावर कित्येक शतके विचार केला, निर्णय दिले, त्यांना अपवाद केले. परंतु त्या विचारात एक आवाज क्वचितच ऐकू येतो : मागे घरी राहिलेल्या व्यक्तीचा. ‘स्मृतिचित्रे’ हा त्या आवाजाचा ग्रंथ आहे, आणि म्हणूनच मध्ययुगातील संतचरित्रांच्या शेजारी ठेवून तो वाचला असता दोहोंवरही नवा प्रकाश पडतो, असे माझे म्हणणे आहे.

टिळक दांपत्य कॅथलिक नव्हते. अमेरिकन मराठी मिशनच्या प्रॉटेस्टंट परंपरेत त्यांचे ख्रिस्ती जीवन घडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश काढल्यानंतर ही बाब आपल्या वाचनाच्या आड येण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय विवाह आणि व्रत यांचा हा प्रश्न पंथभेदाच्या पलीकडचा आहे.

आपल्या किनाऱ्यावर तर तो दगडामातीत लिहिलेला आहे. अलिबागहून दक्षिणेस रेवदंड्याला गेले की माडांच्या बागांतून पोर्तुगीज चौलचे अवशेष दिसू लागतात. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी येथे कोट बांधावयास आरंभ केला. पुढे त्या तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि येशूसंघी व्रतस्थांची मंदिरे व मठ उभे राहिले. १७४० मध्ये हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले आणि मठवासीयांचे दिवस संपले. आज तेथे भिंती आहेत, कमानी आहेत, सातखणी मनोरा आहे. प्रार्थनेचा स्वर मात्र नाही. तो स्वर खाडीपलीकडे कोर्लईच्या गावात राहिला. तेथील ख्रिस्ती कुटुंबांनी कार्मेल मातेची भक्ती टिकवली आणि पोर्तुगीजांशी आलेल्या संबंधातून जन्मलेली आपली आगळी बोलीही टिकवली. ती आजही तेथे बोलली जाते. बोली मठात टिकत नाही. ती चुलीपाशी, पाळण्यापाशी टिकते. श्रद्धेचेही बव्हंशी तसेच आहे. मठांनी या किनाऱ्याला पुष्कळ दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जे दिले ते जतन करण्याचे काम संसारी माणसांनी केले, हेही तितकेच खरे.

असे असूनही आपल्या भक्तिपरंपरेत संसाराला दुय्यम स्थान का मिळाले? त्याची मुळे फार जुनी आहेत. पेरणाऱ्याच्या दृष्टांतातील शंभरपट, साठपट आणि तीसपट पिकाचा अर्थ लावताना संत जेरोमने शंभरपट पीक कौमार्यव्रत्यांना, साठपट विधवांना आणि तीसपट विवाहितांना बहाल केले. मध्ययुगाच्या मनावर या हिशेबाचा ठसा खोल उमटला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने पश्चिमेकडील मठजीवनाला शिस्त, श्रम आणि प्रार्थना यांचा सुंदर मेळ दिला, आणि ‘परिपूर्ण ख्रिस्ती जीवन म्हणजे मठजीवन’ हे समीकरण सामान्य माणसाच्याही मनात रुजले. साहजिकच अनेक विवाहितांना उतारवयात, कधी ऐन संसारातही, मठाची ओढ लागे.

येथे ख्रिस्तसभेपुढे पेच उभा राहिला. मठ श्रेष्ठ खरा. पण विवाहाचे वचनही देवासमक्ष दिलेले. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पतीच्या देहावर पत्नीचा आणि पत्नीच्या देहावर पतीचा अधिकार असल्याचे सांगितले आहे, आणि प्रार्थनेसाठी दूर राहायचे तेही परस्परांच्या संमतीने व काही काळापुरतेच, असे बजावले आहे. संत ऑगस्टीनने एक्दिसिया नावाच्या एका स्त्रीला लिहिलेले पत्र या संदर्भात मननीय आहे. या बाईने पतीला न विचारता विधवेचा वेष धारण केला आणि घरातील बरेचसे धन दोन फिरत्या संन्याशांना देऊन टाकले. पती संतापला, आणि पुढे त्याचे पाऊल वाकडे पडले. ऑगस्टीन तिच्या वैराग्याचे कौतुक करीत नाही. जे दोघांचे होते ते तू एकटीने देऊन टाकलेस, असा त्याच्या उपदेशाचा रोख आहे. स्वतः कडक व्रतस्थ असलेल्या या आचार्याने दानधर्मालाही संमतीची अट घालावी, ही लहान गोष्ट नव्हे.

बाराव्या शतकात या विचाराला कायद्याचे रूप आले. सुमारे ११४० मध्ये ग्रेशियनने धर्मकायद्याचे जे महासंकलन केले, त्यात ऑगस्टीनच्या त्या पत्रालाही स्थान मिळाले. पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या कारकिर्दीत (११५९ ते ११८१) नियम स्थिर झाला : वैवाहिक जीवन प्रत्यक्ष सुरू झाल्यावर पती किंवा पत्नी यांपैकी कोणालाही जोडीदाराच्या संमतीवाचून मठात प्रवेश नाही, आणि मागे राहणाऱ्यालाही, तो वयाने संशयापलीकडे गेलेला नसेल तर, शुद्धतेचे व्रत घ्यावे लागे. याच शतकात, विवाह सिद्ध होतो तो वधूवरांच्या परस्पर संमतीने, हा सिद्धांतही मान्यता पावला. ज्या संमतीने गाठ बांधली, तिच्याखेरीज ती सैल करता येणार नाही, असे या दोन निर्णयांचे आंतरिक नाते आहे. हव्वा आदामाच्या डोक्यापासून नव्हे, पायापासून नव्हे, तर कुशीपासून घडवली गेली, कारण ती स्वामिनी नव्हे, दासी नव्हे, सहचरी आहे, असे सेंट व्हिक्टर मठातील ह्यू आणि पीटर लोम्बार्ड यांच्यासारखे त्या काळचे आचार्य शिकवीत, हेही येथे स्मरावे.

मध्ययुगाचे चित्र मात्र केवळ उजळ रंगवून चालणार नाही. १२०१ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी धर्मयुद्धाचे व्रत घेणाऱ्या पतीला पत्नीच्या संमतीची गरज नाही, असा अपवाद केला. रणभूमीची निकड भासली तेव्हा घरातील स्त्रीचा शब्द बाजूला सारला गेला. नियम होता, पण तो किती पाळायचा हे ठरवणारे हात घरातले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रालाही हा पेच अपरिचित नाही. ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांची संतचरित्रांतून येणारी कथा सर्वश्रुत आहे. त्यांना संन्यासाची ओढ होती. रुक्मिणीबाईंचे लक्ष नसताना त्यांनी गंगेवर स्नानास जाण्याची परवानगी मागितली, तिने सहज होकार दिला आणि त्या होकाराच्या आधारे काशीस जाऊन त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना वस्तुस्थिती कळली तेव्हा त्यांनी शिष्यास परत संसारात धाडले. या कथेचे मर्म असे की फसवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे, हे गुरूंनी जाणले. दुर्दैव असे की समाजाने शिक्षा केली ती संन्यास घेतल्याबद्दल नव्हे, तर परत आल्याबद्दल. आणि ती भोगली रुक्मिणीबाईंनी व चार लेकरांनीही. रुक्मिणीबाईंना काय वाटले? तिची प्रतीक्षा, तिच्या अश्वत्थाच्या प्रदक्षिणा कथा सांगते. तिचे म्हणणे सांगत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’ हाती घ्यावे. नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ मध्ये जन्मलेली मनकर्णिका गोखले वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या धाकात वाढली आणि बालवयातच नारायण वामन टिळकांशी विवाहबद्ध होऊन लक्ष्मी झाली. टिळक कवी होते, विद्वान होते, अंतःकरणाने अतिशय उदार होते. आणि ते कोणत्या क्षणी घरातून निघून जातील याचा नेम नव्हता. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. त्याच्या वाचनातून ते ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला ते वृत्त मागाहून कळले. त्यानंतर सुमारे पाच वर्षे ती मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने वेगळी राहिली. पुढे ती पतीकडे अहमदनगरला आली, सुरुवातीला आपले सोवळे सांभाळूनच. आणि १९०० मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनशी असलेला संबंध सोडून ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगावयाचे ठरवले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा ध्यास घेतला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

म्हणजे या स्त्रीच्या वाट्याला पतीचा त्याग दोनदा आला : एकदा पूर्वधर्माचा, एकदा स्थिर उपजीविकेचा. या दोन त्यागांत भेद करणे अगत्याचे आहे. श्रद्धा हा सदसद्विवेकाचा विषय आहे. देवाची हाक ओळखून बाप्तिस्मा घेण्यास कोणा जोडीदाराची परवानगी लागत नाही. ख्रिस्तसभेने तशी अट कधी घातली नाही. परंतु श्रद्धा स्वीकारणे वेगळे आणि जोडीदाराला सोडून देणे वेगळे. येथे पुन्हा संत पौलाचा तोच अध्याय मार्गदर्शक ठरतो : ख्रिस्ती न झालेली पत्नी पतीसोबत नांदण्यास राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. पोप तिसरे इनोसंट यांनीच ११९९ मध्ये याविषयी निर्णय देताना, अख्रिस्ती जोडीदार निघून गेला किंवा सृष्टिकर्त्याची विटंबना न करता एकत्र नांदावयास तयार नसला, तरच धर्मांतरितास नव्या विवाहाची मोकळीक दिली. टिळकांच्या काळी तर सरकारी कायदाही हाताशी होता : १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदविषयक कायद्यानुसार, पूर्वधर्मातील पत्नी सहवास नाकारीत असल्यास न्यायालयाकडे दाद मागता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते थांबले.

‘स्मृतिचित्रे’तील ही पाच वर्षे वाचकाने सावकाश वाचावीत. मराठी गद्यात विरहाची वर्णने पुष्कळ आहेत; परंतु ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याच निर्णयाने आपले जग उद्ध्वस्त झाले, आणि तरीही प्रेम संपत नाही, ही अवस्था इतक्या साध्या शब्दांत क्वचितच मांडली गेली असेल. लक्ष्मीबाई टिळकांवर आरोपपत्र लिहीत नाहीत आणि त्यांची आरतीही करीत नाहीत. ज्या दुःखाने त्यांचे भान हरपले, तेही त्या सांगतात, आणि त्याच दिवसांतील हास्यास्पद प्रसंगही लपवीत नाहीत. पतीने तिला ओढून नेले नाही; नातलगांचा व समाजाचा दबावही तिला कायमचा अडवू शकला नाही. ती आपल्या पावलांनी, आपल्या वेळेला आली. सोवळे एका रात्रीत सुटले नाही. आधी ती पतीच्या घराजवळ आली, मग घरात, मग त्याच्या श्रद्धेत. १८९५ मध्ये जी संमती विचारली गेली नव्हती, ती अशी पाच वर्षांनी, न मागता, पूर्णपणे दिली गेली. या ग्रंथातील धर्मांतराची कथा मला विशेष विश्वसनीय वाटते ती यासाठी.

आता मध्ययुगातील तीन स्त्रियांच्या शेजारी लक्ष्मीबाईंना बसवून पाहू.

पहिली हेलोईज. बाराव्या शतकातील पॅरिसचा प्रख्यात तत्त्ववेत्ता पीटर अबेलार्ड याची ती विद्यार्थिनी, मग पत्नी. तिच्या नातलगांनी अबेलार्डवर क्रूर सूड उगवल्यानंतर दोघेही मठात गेले. ती आधी, त्याच्या आज्ञेने. पुढे ती पॅराक्लीट मठाची प्रमुख झाली आणि तिच्या ज्ञानाचा व कारभाराचा लौकिक झाला. परंतु आपल्या पत्रांत ती स्पष्ट लिहिते की मठवस्त्र आपण देवाच्या ओढीने नव्हे, अबेलार्डच्या शब्दाखातर घेतले. तिची पत्रे म्हणजे संमतीच्या रूपाखाली दडलेल्या सक्तीची साक्ष आहे. लक्ष्मीबाईंचे भाग्य असे की त्यांना थांबण्यास अवकाश मिळाला. हेलोईजला तो मिळाला नाही.

दुसरी इंग्लंडमधील लिन नगरची मार्जरी केम्प. चौदा मुलांची ही आई. तिला देवभक्तीने वेड लावले. येथे व्रताची ओढ पत्नीला आहे आणि अडचण पतीची आहे. १४१३ च्या सुमारास यॉर्कहून परतताना रस्त्यातच नवराबायकोचा तह झाला : तिने त्याचे कर्ज फेडावे आणि शुक्रवारी उपास न करता त्याच्यासोबत जेवावे, त्याने तिच्या शय्येवरचा हक्क सोडावा. मध्ययुगातील धर्मकायदा संमती म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात काय घडत असे, हे कोणत्याही आज्ञापत्रापेक्षा या प्रसंगातून अधिक कळते. पुढे तो वृद्ध, पडून जखमी व परावलंबी झाला तेव्हा तिनेच त्याची शुश्रूषा केली. मार्जरीला लिहिता येत नव्हते. तिने आपले चरित्र दुसऱ्याकडून लिहवून घेतले. ते हस्तलिखित शतकानुशतके दृष्टीआड राहिले आणि १९३४ मध्ये, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, इंग्लंडमधील एका घरात त्याची ओळख पटली. दोन्ही स्त्रियांचे शिक्षण शाळेत झाले नव्हते. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख पतीने करून दिली. दोघींनाही स्वतःवर हसता येते. मात्र मार्जरी आपल्या अश्रूंना व दर्शनांना मध्यभागी ठेवते. लक्ष्मीबाई घराला मध्यभागी ठेवतात.

तिसरी डोरोथिया. स्वित्झर्लंडचा संत निकोलस याची पत्नी. निकोलस शेतकरी होता, पंचायतीत व सैन्यात मान मिळवलेला होता. दहा मुले झाल्यावर, धाकटे अगदी तान्हे असताना, १६ ऑक्टोबर १४६७ रोजी त्याने डोरोथियाच्या संमतीने घर सोडले आणि अखेर घरापासून हाकेच्या अंतरावरील रान्फ्टच्या घळीत वीस वर्षे एकांतवास केला. १४८७ मध्ये तो निवर्तला आणि १९४७ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्याला संतपद बहाल केले. ही संमती मिळवण्यास त्याला दीर्घकाळ झगडावे लागले, असे चरित्रे सांगतात. परंतु डोरोथियाने लिहिलेली एक ओळही आपल्या हाती नाही. दहा मुलांचे शेतघर तिने कसे चालवले? घळीकडे जाणारे यात्रेकरू दारावरून जात तेव्हा तिला काय वाटे? संतचरित्राची लेखणी नेहमी निघून जाणाऱ्याबरोबर वाट चालू लागते. दार लोटले गेले की घर तिच्या दृष्टीआड होते.

‘स्मृतिचित्रे’ची लेखणी घरातच थांबते. माझ्या मते या ग्रंथाचे वाङ्मयीन वेगळेपण येथे आहे. टिळक निघून जातात तेव्हा प्रकरण संपत नाही. ते तेथून सुरू होते. पीठ किती उरले, मुलाला कोणाकडे ठेवायचे, घरी आलेल्या अनाथांना काय वाढायचे, हे प्रश्न वैराग्याच्या कथेत सहसा येत नाहीत. लक्ष्मीबाई ते वैराग्याच्या कथेचा भाग करतात. टिळकांनी जे दिले त्याचे अर्धे मोल घराने भरले, हे त्या कोठेही तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पण वाचकाला हिशेब आपोआप उमगतो. ऑगस्टीनने एक्दिसियाला जे उपदेशून सांगितले, ते या ग्रंथात उपदेशावाचून सिद्ध होते : जे दोघांचे आहे, त्याचा त्याग एकट्याला करता येत नाही; एकाने केला तरी तो दोघांचाच होतो.

१९१७ च्या संन्यासाचेही तसेच. टिळकांचा संन्यास पत्नीला टाकून वनात जाण्याचा नव्हता, ही गोष्ट त्यांच्या परिपक्वतेची खूण मानावी लागेल. तारुण्यात न सांगता निघून जाणारा हा माणूस अखेरच्या पर्वात घरासकट देवाकडे वळू पाहत होता. तथापि ठरलेले वेतन सोडण्याचा निर्णय घरालाच झेपवायचा असतो, आणि तो झेपवणारी कोण, हे वाचकाला तोवर पुरते ठाऊक झालेले असते.

या ग्रंथावर काही आक्षेप घेता येतील, ते टाळणे योग्य नव्हे. ऑगस्टीनच्या ‘कबुलीजबाबा’वर ज्याचे वाचन पोसले आहे, त्याला येथे अंतर्मुख चिंतनाची उणीव जाणवेल. लक्ष्मीबाई प्रार्थनेविषयी, पापाविषयी, कृपेविषयी विस्ताराने बोलत नाहीत. त्यांचा विश्वास कृतीत दिसतो, विवरणात नाही. दुसरे असे की टिळकांच्या संन्यासामागची आध्यात्मिक तळमळ या ग्रंथातून पुरेशी कळत नाही. त्यासाठी त्यांच्या ‘अभंगांजली’कडे जावे लागते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विनोदामुळे अन्यायाची धार बोथट होते, पत्नीचे सोसणे गोड होऊन बसते, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. सोसणाऱ्या स्त्रीचे हसू पाहून निश्चिंत होणारे पुरुष आपल्यात कमी नाहीत. परंतु लक्ष्मीबाईंचा विनोद शरणागतीचा नाही. ज्याच्यावर त्या हसतात त्याला त्या पुरते ओळखतात, आणि ज्याला आपण पुरते ओळखतो त्याची आंधळी पूजा आपल्याकडून होत नाही. पतीला दैवत न मानता त्याच्यावर प्रेम करता येते, हे हा विनोद शिकवतो.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख आवश्यक आहे. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. ते पुढे नेऊन पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. निघून गेलेल्याचे अर्धे गीत घरी राहिलेलीने पुरे करावे, यापेक्षा संमतीचा मोठा पुरावा कोणता?

मठजीवनाचे महत्त्व कमी करण्याचा येथे हेतू नाही. तसे करणे मला शोभणारही नाही. ब्रह्मचर्य ही ख्रिस्ताने दिलेली देणगी आहे आणि ख्रिस्तसभेला तिची गरज राहणारच. परंतु पवित्रतेचे पाचारण सर्वांसाठी आहे, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात निःसंदिग्धपणे सांगितले. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी लुई आणि झेली मार्टिन या दांपत्याला, म्हणजे संत तेरेजाच्या आईवडिलांना, एकत्रितपणे संत घोषित करण्यात आले. पतिपत्नीला जोडीने असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. जेरोमचा तीसपटीचा हिशेब मागे पडण्यास एवढा काळ लागला.

आपल्या धर्मग्रामांतही हा प्रश्न जिवंत आहे. आज कोणी मठात जाण्यासाठी घर सोडत नाही. परंतु जहाजावर किंवा आखातात नोकरीस गेलेल्यांच्या घरी मागे राहिलेल्या स्त्रिया आहेत. सेवाकार्यात, प्रार्थनागटांत, मंदिराच्या समित्यांत रात्री उशिरापर्यंत रमणारे, आणि घरी विचारण्याची गरज न वाटणारे सज्जनही आहेत. क्वचित अशा भगिनीही आहेत. त्यांचा उत्साह खोटा नसतो. तरी वेदीसमोर ‘स्वेच्छेने’ दिलेला होकार एकदाच देऊन संपत नाही. नवे व्रत, नवे दान, नवी जबाबदारी घेताना तो पुन्हा मागावा लागतो, आणि समोरच्या व्यक्तीला ‘नाही’ म्हणता येईल अशा रीतीने मागावा लागतो. जो होकार नाकारताच येत नाही, तो विठ्ठलपंतांना मिळालेल्या होकारासारखा असतो.

विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुणतरुणींना आपण पुष्कळ पुस्तिका देतो. त्यांच्याबरोबर ‘स्मृतिचित्रे’ही द्यावे, आणि लग्नाला वीस-पंचवीस वर्षे झालेल्या पतिपत्नींनी ते एकमेकांना वाचून दाखवावे, अशी माझी नम्र सूचना आहे. मोठ्याने वाचण्याजोगेच ते गद्य आहे. वाचताना दोघे एकाच ठिकाणी हसतात की वेगवेगळ्या ठिकाणी, याकडेही त्यांनी लक्ष द्यावे. बोलावयाचे विषय त्यातूनच निघतील.